बाण चढवलेला होता, तरी धनुष्य रिकामेच सुटले

तिरंदाजी वर्गाचा तिसरा दिवस, दुसरी फेरी. दहा मीटरवर दोन बट, म्हणजे बाण ज्यात रुततात ती जाड लक्ष्ये, शूटिंग लाइनवर चार मुले. बारा वर्षांच्या एका मुलीने दुसरा बाण ओढला. अर्ध्यावर तो रेस्टवरून, म्हणजे मुठीच्या वरच्या बाण टेकवण्याच्या जागेवरून, घसरला. तिने धनुष्य धरलेल्या डाव्या हाताची तर्जनी उचलून बाण परत वर सारला, दोरी हनुवटीपर्यंत आणली आणि सोडली. आवाज रोजचा नव्हता. सुकी फळी मोडावी तसा होता. बाण दीड मीटरवर गवतात पडला. दोरी खालच्या टोकावरून निसटून लोंबत राहिली आणि वरच्या लिंबाला टोकापासून नऊ सेंटिमीटरची चीर गेली. (लिंब म्हणजे धनुष्याचे वरचे आणि खालचे पाते. मैदानावर पाते कोणी म्हणत नाही, आणि पहिल्या दिवशी एखादा तरी विचारतोच की हे लिंब कडू का आंबट.)

पुढच्या दोन सेकंदांत जे घडले ते चिरेपेक्षा गंभीर होते. मुलगी बाण उचलायला लाइनच्या पुढे एक पाऊल गेली. प्रशिक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या. शेजारच्या मुलाने दोरी पूर्ण ताणलेली होती. शिट्टी ऐकून तो दचकला आणि त्याने बाण सोडून दिला. बाण बटावर लागला, पण जाताना मुलीपासून हातभर अंतरावरून गेला.

हे प्रकरण शिकवण्यासाठी बांधलेले आहे, म्हणून त्यात गावाचे, वर्गाचे, कोणा व्यक्तीचे नाव नाही. यातली प्रत्येक चूक मात्र नवशिक्यांच्या वर्गात नेहमी दिसणारी आहे, आणि मापे ज्या-त्या साहित्याची आहेत तीच ठेवली आहेत.

साहित्य असे होते. लाकडी रायझरचे (रायझर म्हणजे मधला मुठीचा भाग), सुटे होणारे, टोके पुढे वळलेले रिकर्व्ह धनुष्य, लांबी 66 इंच, लिंबावर छापलेले वजन (दोरी ओढायला लागणारे बल) 24 पाउंड. लिंबे लाकूड आणि फायबरग्लासचे थर चिकटवून केलेली. दोरी डेक्रॉनची. बाण 28 इंची, मुलीचा ड्रॉ, म्हणजे दोरी ओढण्याची लांबी, 25 इंच. बाण ड्रॉपेक्षा किमान दोन इंच लांब हवा, नाहीतर टोक रेस्टच्या मागे येऊन थेट हातात घुसू शकते. तो धोका इथे नव्हता. आर्मगार्ड होता, बोटांना दोरी काचू नये म्हणून टॅब होती, केस बांधलेले होते, ओढणी नव्हती. म्हणजे नव्या वर्गात ज्या गोष्टी आधी बघतात त्या सगळ्या जागेवर होत्या.

छापलेले 24 पाउंड 28 इंचांच्या ड्रॉचे असतात. ढोबळ हिशोबाने ड्रॉ एक इंचाने कमी झाला की पावणेदोन ते दोन पाउंड उतरतात, तेव्हा या मुलीच्या बोटांवर 18-19 पाउंडच येत होते. वजन जास्त होते म्हणून दोरी हातून सुटली, असे म्हणायला इथे जागा नाही.

पहिले निदान आणि ते का टिकत नाही

त्या दिवशी वहीत नोंद झाली: ‘बोटे सुटली, ड्राय फायर, लिंब गेले.’ ड्राय फायर म्हणजे बाण न लावता दोरी ओढून सोडणे. पहिल्या तासाला सगळ्यांना बजावून सांगतात की हे कधीही करायचे नाही, आणि या मुलीलाही सांगितलेले होते. तिचे म्हणणे एकच: ‘सर, मी रिकामं नव्हतं सोडलं, बाण होता.’

ती खरे बोलत होती. बाण धनुष्यावर होता, पण दोरीवर नव्हता.

ताणलेल्या धनुष्यात साठलेली ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. या मुलीचे गणित मांडू. दोरीचा प्रवास सुमारे 15 इंच, म्हणजे 38 सेंटिमीटर. शेवटचे बल 19 पाउंड, म्हणजे साधारण 85 न्यूटन. ओढताना बल शून्यापासून वाढत जाते, म्हणून निम्मे धरायचे: जवळपास 16 ज्यूल. एक किलोचे वजन दीड मीटरच्या थोडे वरून पायावर पडावे, तेवढा हा दणका. बाण दोरीवर असेल तर यातला मोठा हिस्सा तो घेऊन जातो आणि उरलेला धनुष्याच्या थरथरण्यात जिरतो. बाण नसेल तर दोरी ताठ होताना सगळा हिसका लिंबांच्या टोकांवर येतो. थर चिकटवलेले लिंब तिथेच उलते, किंवा दोरीचा फास खाचेतून उडतो. इथे दोन्ही झाले.

सुटलेला बाण हातात घेतल्यावर पुरावा सापडला. मागच्या नॉकला, म्हणजे दोरीत बसणाऱ्या खाचेला, तडा नव्हता, पण त्याच्या बाहेरच्या कडेवर दोरीचे मेण घासलेले होते. दोरी नॉकच्या खोबणीतून न जाता बाजूने सरकून गेली होती. मग वर्गातले बारा बाण एकेक करून त्याच दोरीवर टोक खाली करून लटकवून पाहिले. नऊ बाण दोरीला टिचकी मारण्याआधीच गळून पडले.

दोरी तीच, बाण तेच, मग बदलले काय? पंधरा दिवसांपूर्वी दोरीच्या मध्यावरची सर्व्हिंग विसविशीत झाली होती. सर्व्हिंग म्हणजे बोटे आणि नॉक जिथे लागतात तिथे दोरीवर घट्ट गुंडाळलेला जाडसर धागा. सहायक दादाने ती उकलली आणि हाताशी असलेल्या धाग्याने पुन्हा गुंडाळली. काम सुबक झाले होते. पण जुना धागा 0.6 मिलिमीटरचा होता आणि नवा 0.45 चा. धागा दोरीच्या दोन्ही अंगांनी येतो, त्यामुळे दोरी तिथे 0.3 मिलिमीटरने बारीक झाली. प्लॅस्टिकच्या नॉकचे बाजारात सर्रास मिळणारे दोन आकार म्हणजे लहान आणि मोठा. त्यांच्या खोबणी साधारण 2.2 आणि 2.5 मिलिमीटरच्या. फरक बरोबर 0.3. डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्याच्या फरकाने अख्खा एक नंबर चुकला होता.

ही गोष्ट पंधरा दिवस कोणाच्या लक्षात का आली नाही? मोठी मुले दोरीची सवय असलेली. ती बाण लावल्यावर दोरी पुढे जाऊ देत नाहीत आणि ड्रॉ एका लयीत पुरा करतात, त्यामुळे ढिला नॉकसुद्धा निभावून जातो. ढिलेपणा उघडा पडतो तो अडखळणाऱ्या हातात. म्हणून मोठ्यांनी चालवून पाहिलेले साहित्य लहानांसाठी पास झाले, असे धरू नये.

बाण रेस्टवरून घसरला कशामुळे

हा दुसरा धागा, आणि इथे मुलीच्या हाताकडे पाहावे लागते. दोरी तीन बोटांनी धरतात: तर्जनी नॉकच्या वर, मधले आणि अनामिका खाली. दोरी पहिल्या सांध्याच्या घडीत बसते. बोटे आकड्यासारखी हवीत, चिमटीसारखी नकोत. नवशिक्याला बाण पडण्याची भीती असते म्हणून तो नॉक दोन बोटांत दाबून धरतो. ओढताना दोरी बोटांवर किंचित फिरते, चिमटीत अडकलेला बाणही फिरतो, आणि टोक रेस्टपासून बाहेर झुकते. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे पडतो तो यामुळेच.

यावर इलाज दोन. टॅबच्या तर्जनी आणि मधल्या बोटांमध्ये छोटा ठोकळा असतो, तो असलेलीच टॅब द्यायची. किंवा पहिले चार-सहा तास तिन्ही बोटे नॉकच्या खाली घ्यायला लावायची, म्हणजे चिमटीला जागाच उरत नाही. या पद्धतीत बाणाची मागची बाजू डोळ्याच्या जवळ येते आणि बाण थोडे खाली लागतात. दहा मीटरवर 122 सेंटिमीटरच्या कागदावर त्याने काही बिघडत नाही. काही प्रशिक्षकांना ही सवय नंतर मोडावी लागेल अशी धास्ती वाटते. ती मोडता येते. फुटलेले लिंब जोडता येत नाही.

घसरलेला बाण तर्जनीने वर सारणे ही खरी घातक हालचाल. एक तर बोट बाणाच्या वाटेत येते. दुसरे म्हणजे पुढून ढकलताना बाण मागे-पुढे हलतो. घट्ट नॉक असता तर दोरीला चिकटून राहिला असता. ढिला होता म्हणून चार-पाच मिलिमीटर पुढे सरकला आणि कोणाला कळलेही नाही. ताणलेल्या अवस्थेत आपलाच नॉक नीट पाहता येत नाही. तो गालाशी असतो.

बाण घसरला की एकच गोष्ट करायची: लेट डाउन. म्हणजे न सोडता दोरी उतरवायची. बोटे दोरीतच ठेवून, बाणाचे टोक बटाकडे रोखलेले ठेवून, ज्या वेगाने ओढली त्याच्या निम्म्या वेगाने दोरी जागेवर न्यायची. मग नॉक पुन्हा बसवायचा आणि नव्याने सुरुवात करायची. या वर्गात लेट डाउन ‘सांगितले’ होते, करवून घेतले नव्हते. ओढलेली दोरी परत नेणे ओढण्याइतकेच कष्टाचे असते आणि मुलांना ते हरल्यासारखे वाटते. म्हणून सराव मुद्दाम लावावा लागतो. आधी हातात रबराचा पट्टा घेऊन दहा वेळा. मग बटापासून तीन मीटरवर, बाण लावून: ओढा, ‘उतरवा’ म्हटले की उतरवा, सहा वेळा, आणि त्या सहांत एकही बाण सोडायचा नाही. ज्याला सहाच्या सहा जमले त्याचाच पहिला बाण त्या दिवशी सुटतो.

एका शब्दाने केलेला घोटाळा

लाइनवर येण्याआधी प्रशिक्षक म्हणाले होते, ‘नॉक बघून घ्या रे.’ सगळ्यांनी बघितले. मुलीनेही बघितले: बाणाचे लोखंडी टोक. आपल्याकडे ‘नोक’ म्हणजे टोकच, आणि बोलताना नोक आणि नॉक यांत मैदानावरच्या वाऱ्यात काही फरक उरत नाही. तिसऱ्या दिवशीच्या मुलीने काय समजावे? सूचना दिली गेली, पाळलीही गेली, आणि तपासले गेले बाणाचे दुसरेच टोक.

नॉकला ‘खाच’ म्हणावे. बाणाची खाच, ती दोरीत बसते तेव्हा ‘टिक’ असा आवाज येतो. टोकाला टोक. पुढे स्पर्धेला जाणाऱ्या मुलाला नॉक, व्हेन, क्विव्हर, क्लिकर हे शब्द येतीलच, पंच तेच वापरतात. पण पहिल्या महिन्यात सुरक्षेची प्रत्येक सूचना अशा शब्दांत द्यावी ज्याचा दुसरा अर्थ निघत नाही. ‘दोरीतली खाच दाखव’ म्हटल्यावर मुलाला बोट ठेवून दाखवावे लागते. आणखी एक खूण उपयोगी पडते: तीन पंखांतला वेगळ्या रंगाचा पंख रायझरपासून बाहेरच्या बाजूला. तो आत आला असेल तर खाच उलटी बसवली आहे हे पाच पावलांवरून दिसते.

पाच शिट्ट्या

वर्ल्ड आर्चरीच्या नियमांतल्या शिट्ट्या जगभर सारख्याच. दोन: लाइनवर या. एक: सुरू करा. तीन: थांबा आणि बाण काढायला चला. पाच किंवा जास्त: संकट, सगळे ताबडतोब बंद. या वर्गाला पहिल्या तीन ठाऊक होत्या, कारण त्या रोज वाजतात. पाच कधीच वाजली नव्हती. शेजारच्या मुलाने ती शिट्टी ‘वेळ संपली’ अशी घेतली आणि वेळ संपत आल्यावर जे करावेसे वाटते ते केले: हातातला बाण घालवून टाकला. त्याला दोष देता येत नाही.

पाच शिट्ट्यांचा अर्थ मुलांच्या अंगवळणी पडावा म्हणून त्या विनाकारण वाजवाव्या लागतात, प्रत्येक तासात एकदा, न सांगता. ओढलेल्याने उतरवायचे, खाच दोरीतून काढायची, बाण भात्यात, आणि वेटिंग लाइनच्या मागे. शूटिंग लाइन आणि वेटिंग लाइन यांत किमान पाच मीटर अंतर हवे. शाळेच्या मैदानावर ते दोन-तीन मीटरवर येते आणि मग गर्दी खेळाडूच्या कोपरापाशी उभी राहते. लाइनवर प्रत्येकाला किमान 80 सेंटिमीटर जागा हा स्पर्धेचा हिशोब आहे. नवशिक्यांना दीड मीटर द्यावी.

आणि पडलेला बाण? तो पडलेलाच राहू द्यायचा. स्पर्धेत यासाठी लाइनपुढे तीन मीटरवर एक रेघ असते. बाणाचा काही भाग तिच्या आत राहिला तर तो सोडलाच नाही असे धरतात आणि खेळाडू दुसरा बाण सोडतो. म्हणून प्रत्येक मुलाच्या भात्यात एक बाण जादा ठेवला की पुढे जायचा मोह निम्मा संपतो. पाय रेघेवरून उचलायचाच नाही, मग बाण पायापाशी पडलेला का असेना.

दोरी खालूनच का निसटली

हा छोटा मुद्दा आहे, पण सोडून देण्यासारखा नाही. खालच्या लिंबाकडे मागून पाहिले तर दोरी मधोमध नव्हती, पाचेक मिलिमीटर एका कडेला होती. लिंबाला पीळ पडला होता. कारण धनुष्यावर दोरी चढवायला मोठी मुले स्ट्रिंगर, म्हणजे त्यासाठीचा खोळ लावलेला दोरखंड, वापरत नव्हती. एक पाय धनुष्य आणि दोरी यांमधून घालून मांडीवर धनुष्य वाकवत होती. चपळ दिसते, पण दाब एका बाजूला येतो आणि लिंब हळूहळू पिळते. हात सटकला तर टोक थेट चेहऱ्यावर येते ते वेगळेच.

स्ट्रिंगरने चढवायला अर्धा मिनिट लागतो. दोरीचा मोठा फास वरच्या लिंबावर सरकवून ठेवायचा, लहान फास खालच्या टोकाच्या खाचेत बसवायचा. स्ट्रिंगरची खोळ खालच्या टोकावर, रबरी पट्टी वरच्या लिंबावर फासाच्या खाली. दोरखंडावर पाय ठेवायचा, मूठ धरून सरळ वर उचलायचे, दुसऱ्या हाताने मोठा फास खाचेत सरकवायचा. मग सगळ्यांत महत्त्वाचे: रायझर खाली सोडण्याआधी दोन्ही फास डोळ्यांनी बघायचे. शेवटी ब्रेस हाइट, म्हणजे मुठीच्या सर्वांत खोल जागेपासून दोरीपर्यंतचे अंतर. 66 इंची धनुष्याला ते साधारण सव्वाआठ ते साडेआठ इंच येते. धनुष्याबरोबरच्या कागदावर दुसरा आकडा असेल तर तो मानायचा. कमी भरले तर दोरीला पीळ वाढवायचा.

या धनुष्याचे पुढे काय

चीर गेलेले लिंब चिकटवून वापरायचे नाही, ‘फक्त सरावाला’ तर मुळीच नाही. लिंबे जोडीने जुळवलेली असतात, म्हणून दोन्ही बदलायची. फुटलेले कापून टाकावे. कपाटात अख्खे राहिले की वर्षभराने कोणीतरी ते जोडतोच. रायझर ठेवता येतो, मात्र लिंबाच्या कप्प्यात आणि स्क्रूभोवती तडा आहे का ते पाहूनच. वर्गातली बाकीची लिंबेही तपासावीत: कापसाचा बोळा कडेवरून हलक्या हाताने फिरवायचा, तंतू अडकला तिथे कूस किंवा चीर आहे.

सातारच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये (टोकांना कॅम नावाची चाके आणि केबल असलेल्या धनुष्याच्या प्रकारात) जगज्जेते झाले. तेव्हापासून पालक थेट कंपाउंड धनुष्याबद्दल विचारताना दिसतात. त्यांना हे प्रकरण दाखवावे. कंपाउंडमध्ये रिकामी दोरी सुटली तर कॅम वाकतो, केबल उडते, आणि साठलेली ऊर्जा याच्या कितीतरी पट असते. इंडियन राउंड या आपल्याकडच्या स्पर्धाप्रकारातल्या बांबूच्या धनुष्यालाही यातून सूट नाही; तेही फुटते, फक्त स्वस्तात फुटते.

सर्व्हिंगची दुरुस्ती अशी झाली. बारीक धागा काढला, 0.6 मिलिमीटरचा धागा जिग या गुंडाळणीच्या अवजाराने ताण ठेवून, दोरीच्या पिळाच्या दिशेनेच गुंडाळला. नॉकिंग पॉइंटच्या, म्हणजे दोरीवर नॉक बसतो त्या जागेच्या, वर सहा सेंटिमीटर, खाली तेरा. घाईच्या वेळी दोरीवर त्या जागी डेंटल फ्लॉसचे वेढे देऊन जाडी भरून काढतात, पण ते त्या दिवसापुरतेच. मग चाचणी: धनुष्य आडवे, दोरी जमिनीला समांतर, बाण टोक खाली करून दोरीत अडकवायचा. स्वतःच्या वजनाने लटकला पाहिजे. खाचेपासून तीन-चार सेंटिमीटरवर दोरीला टिचकी मारली की सुटला पाहिजे. आपोआप पडला तर ढिला. दोन-तीन टिचक्यांनीही न सुटला तर आवळ, आणि आवळ खाचेला तडे जातात.

वहीतली जुनी नोंद खोडून तिथे नवी लिहिली गेली: ‘दोरी 4. सर्व्हिंग 0.6. नॉक मोठे. 12 पैकी 12 लटकले, 11 पहिल्या टिचकीला सुटले, 1 दुसरीला. त्याचे नॉक बदलले.’